ध्वनिफीत, आकडे आणि एक टिचकी

शाळेच्या प्रयोगशाळेत जुना अ‍ॅमीटर वापरणाऱ्या शिक्षकांना एक सवय असते. वाचन घेण्यापूर्वी ते काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारतात. काटा घर्षणामुळे खऱ्या जागेच्या थोडा अलीकडे अडकून बसलेला असतो. टिचकीने तो सुटतो, क्षणभर थरथरतो आणि योग्य जागी येऊन थांबतो. टिचकीमध्ये विद्युतप्रवाहाविषयी कोणतीही माहिती नसते. ती निव्वळ हलवाहलव. तरीही तिच्यामुळे मोजमाप अधिक अचूक होते.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात ही टिचकी दोन वेळा शोधली गेली. एकदा चुंबकीय फितीसाठी आणि एकदा डिजिटल ध्वनीसाठी. दोन्ही शोधांमध्ये सुमारे वीस वर्षांचे अंतर आहे, शोधणारी माणसे वेगळी आहेत, त्यांचे प्रश्नही वेगळे होते. पण ‘फितीचा आवाज गोड, डिजिटल आवाज कोरडा’ हा जो वाद १९८२ साली सीडी बाजारात आल्यापासून चालू आहे, तो नीट समजून घ्यायचा तर या दोन टिचक्यांपाशीच जावे लागते.

वादाची नेहमीची मांडणी वाचकांच्या परिचयाची असेल. फळ्यावर एक सुंदर, वळणदार लाट काढायची आणि म्हणायचे, हा फितीवरचा ध्वनी. मग त्याच लाटेवर जिन्यासारख्या पायऱ्या काढायच्या आणि म्हणायचे, हा डिजिटल ध्वनी. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत जे निसटले तेच संगीतातले माधुर्य, असा निष्कर्ष विद्यार्थी स्वतःच काढतात. हे चित्र अनेक पुस्तकांत आहे, आणि आमच्या मते ते दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. फीत तितकी सलग नाही आणि डिजिटल ध्वनीला पायऱ्या नाहीत.

आधी फितीकडे वळू. चुंबकाच्या साहाय्याने आवाज साठवण्याची पहिली यशस्वी खटपट डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पाउलसेन यांची. १८९८ साली त्यांनी ‘टेलिग्राफोन’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात पोलादी तार एका विद्युतचुंबकाजवळून सरकत असे. ध्वनीनुसार चुंबकाचे क्षेत्र कमीजास्त होई आणि तारेत तसतसे चुंबकत्व मागे राही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात या यंत्रावर ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योसेफ यांचा आवाज मुद्रित करण्यात आला आणि तो आजही ऐकता येतो. यंत्राचे कौतुक पुष्कळ झाले, परंतु आवाज इतका क्षीण होता की कानाला नळी लावूनच ऐकावा लागे. क्षीण विद्युतसंकेत मोठा करणारी निर्वात नळी, म्हणजे व्हॉल्व्ह, तोपर्यंत जन्मलेलीच नव्हती.

तारेची फीत झाली ती जर्मनीत, आणि तिचे मूळ सिगारेटच्या कागदात आहे! ड्रेस्डेनमधील फ्रिट्झ फ्लॉयमर हे सिगारेटच्या टोकाला सोनेरी पट्टी चिकटवण्याच्या तंत्रावर काम करत होते. धातूची भुकटी कागदावर पक्की बसवता येते, तर लोखंडाची का नाही, असा विचार करून त्यांनी १९२८ साली लोहचूर्णाचा लेप दिलेल्या कागदी फितीचे पेटंट घेतले. पुढे ए.ई.जी. या कंपनीने यंत्र आणि लुडविग्सहाफेनच्या बी.ए.एस.एफ. कारखान्याने अ‍ॅसिटेटची फीत तयार केली. ‘मॅग्नेटोफोन’ हे ते यंत्र १९३५ सालच्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात लोकांसमोर आले. त्याच प्रदर्शनात आग लागून मांडलेली यंत्रे जळाली, पण कल्पना टिकली. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी लुडविग्सहाफेन येथे सर थॉमस बीचम यांच्या संचालनाखाली लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला, तो फितीवर मुद्रित करण्यात आला.

या मुद्रणाचा काही भाग आजही उपलब्ध आहे. तो ऐकला तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. आवाज मुळीच ‘गोड’ नाही. मागे सतत खरखर आहे आणि मंद स्वरांवर एक प्रकारचा चरा आहे. त्या काळची ग्रामोफोनची तबकडीसुद्धा याहून बरी होती. म्हणजे ज्या फितीच्या आवाजाचे आज गोडवे गायले जातात ती फीत १९३६ सालच्या फितीपेक्षा वेगळीच काहीतरी आहे. मधल्या काळात काय झाले?

फितीवर लोहसंयुगाचे अतिसूक्ष्म कण असतात. मायक्रोमीटरच्याही अंशात मोजावे इतके लहान, आणि पुढच्या काळातल्या फितींमध्ये सुईसारखे लांबट. प्रत्येक कण हा एक छोटा चुंबक. त्याचा उत्तर ध्रुव एका टोकाला किंवा दुसऱ्या टोकाला, एवढेच दोन पर्याय. त्याला उलटवायचे तर बाहेरचे क्षेत्र एका ठरावीक मर्यादेपेक्षा जोरदार असावे लागते. क्षेत्र त्याहून कमी असले, तर कण जरासा कुरकुरतो आणि क्षेत्र दूर होताच पूर्ववत होतो. मागे काहीच उरत नाही. अ‍ॅमीटरचा अडकलेला काटा तो हाच. परिणामी मंद आवाज फितीवर उमटतच नाहीत. मोठ्या आवाजाची लाटसुद्धा दर वेळी शून्यातून जाताना मध्येच चपटी होते. स्वराचा आकार बिघडतो आणि कानाला तो चरा जाणवतो.

यावर पहिला उपाय केला तो असा, की ध्वनीच्या संकेतासोबत एक स्थिर विद्युतप्रवाह जोडायचा. त्यामुळे सगळे काम आलेखाच्या सरळ भागात होई. पण मग संपूर्ण फीत एकाच दिशेने चुंबकित राही आणि लेपातला प्रत्येक उंचसखलपणा खरखर बनून ऐकू येई. चरा कमी, खरखर जास्त. बीचम यांचे मुद्रण याच पद्धतीचे.

१९४० साली जर्मन नभोवाणीच्या प्रयोगशाळेत वॉल्टर वेबर हे ही खरखर कमी करण्याचे प्रयोग करत होते. त्यांच्या मांडणीतला एक अ‍ॅम्प्लिफायर बिघडला आणि आपणहून उच्च वारंवारतेची दोलने निर्माण करू लागला, असा वृत्तांत सांगितला जातो. त्या बिघाडाच्या वेळी झालेले मुद्रण विलक्षण स्वच्छ निघाले. वेबर यांचे श्रेय असे, की त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून विषय सोडून दिला नाही. आवाज का सुधारला याचा माग काढला. ध्वनीबरोबर कानाला ऐकू न येणारा, ध्वनीपेक्षा कितीतरी जोरदार असा उच्च वारंवारतेचा प्रवाह फितीवर सोडला की फीत सुधारते, हे त्यांच्या ध्यानात आले. या प्रवाहाला ‘बायस’ म्हणतात. पुढच्या काळातल्या यंत्रांमध्ये त्याची वारंवारता साधारणपणे सेकंदाला एक लाखाच्या आसपास असे. आपला कान तरुणपणी फार तर वीस हजारांपर्यंत ऐकतो. आमच्या वयाला तर पंधरा हजारही पुष्कळ!

वेबर हे या कल्पनेचे एकमेव जनक नव्हेत. अमेरिकेच्या नौदलातील कार्लसन आणि कार्पेंटर या दोघांना अशाच पद्धतीचे पेटंट १९२७ साली मिळाले होते, पण ते तारसंदेशांसाठी होते आणि विस्मरणात गेले. जपानमध्ये केन्झो नागाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ च्या सुमारास हेच शोधले. अमेरिकेत मार्व्हिन कॅमरस यांनीही तारेच्या यंत्रासाठी ही युक्ती स्वतंत्रपणे योजली. एकच टिचकी चार ठिकाणी वाजली म्हणा ना.

बायस नेमके करतो काय? फितीचा एखादा ठिपका मुद्रणशीर्षाच्या फटीसमोरून जातो तेव्हा बायसचे जोरदार क्षेत्र तिथल्या प्रत्येक कणाला भराभर उलटेसुलटे करते. ठिपका फटीपासून दूर सरकू लागला की क्षेत्राचा जोर ओसरतो. प्रत्येक कणाची उलटण्याची मर्यादा थोडी वेगळी असल्यामुळे कण वेगवेगळ्या क्षणी, जिथे असतील तिथे थिजतात. ध्वनी नसेल तर निम्मे कण एका दिशेला आणि निम्मे दुसऱ्या दिशेला थिजतील, बेरीज शून्य. पण त्याच वेळी ध्वनीचे अगदी हलके क्षेत्र एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूला थोडे अधिक कण पडतात. जितका ध्वनी, तितके बहुमत. एकटा कण उलटवण्याची ताकद नसलेला मंद स्वरही आता हे बहुमत किंचित झुकवू शकतो, आणि म्हणून उमटतो. पायलीत धान्य भरताना माप ठोकले की दाणे आपापल्या जागी बसतात, तसे काहीसे.

येथे थोडे थांबून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. फितीवर जे लिहिले जाते ते असंख्य ‘इकडे किंवा तिकडे’ अशा उत्तरांचे बहुमत असते. कणाला मधली अवस्था नाही. फळ्यावरची ती सलग, वळणदार लाट फितीवर प्रत्यक्षात कुठेही नसते. ती कणांच्या सरासरीत असते. कणांची संख्या मर्यादित असल्यामुळे सरासरीही थोडी इकडेतिकडे हलत राहते. ते हलणे म्हणजेच कॅसेटची परिचित ‘हिस्स्’.

बायसमुळे फितीचा कायापालट झाला. १९४१ साली बर्लिनमध्ये तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि जर्मन नभोवाणी सर्रास तिचा वापर करू लागली. महायुद्धाच्या शेवटच्या काळात वॉल्टर गीझेकिंग यांनी पियानोवर वाजवलेल्या बेथोव्हेनच्या रचनेचे एक स्टिरिओ मुद्रण शिल्लक आहे. त्यातल्या शांत जागी दूरवर विमानविरोधी तोफांचे धमाके ऐकू येतात. १९३६ सालच्या फितीवर ते खरखरीत बुडून गेले असते.

याच सुमारास इंग्लंडमध्ये अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन विभागात काम करणारे जॅक मुलिन रात्री उशिरा जर्मन रेडिओ ऐकत. मध्यरात्रीनंतर अख्खा वाद्यवृंद वाजतो आहे आणि तबकडीचा चरचराट नाही, याचे त्यांना कोडे पडे. वाद्यवृंद रोज रात्री जागतो की काय? युद्ध संपल्यावर १९४५ साली बाड नाउहाइम येथील एका नभोवाणी केंद्रात त्यांना उत्तर मिळाले. बायस असलेले मॅग्नेटोफोन त्यांनी तिथे प्रथम ऐकले. दोन यंत्रे सुटी करून आणि पन्नास रिळे त्यांनी टपालाने मायदेशी पाठवली. मे १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे प्रात्यक्षिक झाले, १९४७ साली गायक बिंग क्रॉस्बी यांनी आपला रेडिओ कार्यक्रम या फितींवर आधी मुद्रित करून मग प्रसारित करायला सुरुवात केली आणि १९४८ साली अ‍ॅम्पेक्स कंपनीची यंत्रे बाजारात आली. पुढचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट काढली आणि फीत स्टुडिओतून खिशात आली. आपल्याकडे १९८० च्या दशकात तिच्यामुळे भारूड, लावणी, कीर्तन यांच्या ध्वनिमुद्रणाची मिरासदारी एकदोन मोठ्या कंपन्यांकडून सुटली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता आकड्यांकडे. ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करण्याची कल्पना फितीपेक्षा फारशी तरुण नाही. १९३७ साली पॅरिसमध्ये काम करणारे इंग्रज अभियंता अ‍ॅलेक रीव्ह्ज यांनी ती मांडली आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतले. त्यांच्यापुढे संगीताचा प्रश्नच नव्हता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर प्रत्येक टप्प्यात आवाज मोठा करताना खरखरही मोठी होत जाई. आवाजाऐवजी त्याचे आकडे पाठवले तर प्रत्येक टप्प्यावर ते नव्याने स्वच्छ लिहिता येतील, हा त्यांचा विचार. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून तिसरी, अशा नकला ज्यांनी केल्या आहेत त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र व्हॉल्व्हच्या जमान्यात एवढी मांडणी परवडण्यासारखी नव्हती.

आकडे करताना दोन कामे असतात. पहिले, ठरावीक काळाने लाटेची उंची मोजणे. सीडीसाठी हे सेकंदाला ४४,१०० वेळा होते. दोन मोजण्यांच्या मधल्या जागेचे काय, हा विद्यार्थ्यांचा हमखास प्रश्न. त्याचे उत्तर भूमितीच्या तासाला दिलेले बरे. एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले तर त्यांतून जाणारे वर्तुळ एकच. परिघावरचे बाकीचे असंख्य बिंदू कोणी मोजले नाहीत, म्हणून वर्तुळ त्रिकोणी होत नाही. कारण ते वर्तुळ आहे एवढी अट आपल्याला आधीच माहीत असते. ध्वनीच्या बाबतीत अट अशी, की मोजण्याच्या वेगाच्या निम्म्याइतकी किंवा त्याहून जास्त वारंवारता त्यात नको. ही अट पाळली तर दिलेल्या बिंदूंमधून जाणारी लाट एक आणि एकच असते. हे सूत्र नायक्विस्ट (१९२८), कोटेल्निकॉव्ह (१९३३) आणि शॅनन (१९४९) यांच्या कामातून पक्के झाले. सीडी वाजवताना शेवटी जो गाळक असतो तो हीच एकमेव लाट पुन्हा काढतो. जिन्याचे कोपरे म्हणजे २२,०५० च्या वरच्या वारंवारता. त्या गाळल्या की उरते ती मूळची वळणदार लाट. सीडीच्या यंत्रातून बाहेर येणारा संकेत ऑसिलोस्कोपवर पाहिला तर पायऱ्या दिसत नाहीत.

जाता जाता एक गंमत. ४४,१०० हा विचित्र आकडा आला कोठून? सुरुवातीच्या डिजिटल यंत्रांना एवढे आकडे साठवायला व्हिडिओ फितीखेरीज दुसरी सोय नव्हती. पडद्याच्या एका ओळीत तीन मोजण्या, एका क्षेत्रात २४५ ओळी, सेकंदाला ६० क्षेत्रे. गुणाकार करून पाहा. म्हणजे ‘फीत विरुद्ध डिजिटल’ हा शब्दप्रयोगच मुळात सैल आहे. डिजिटल ध्वनीची सुरुवातीची वर्षे फितीवरच गेली.

दुसरे काम अधिक नाजूक. मोजलेली उंची पूर्ण आकड्यात लिहायची. सीडीवर यासाठी १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पातळ्या असतात. प्रत्येक मापन जवळच्या पातळीवर नेऊन बसवावे लागते. मोठ्या आवाजाला याने फरक पडत नाही. पण एखादा स्वर विरत विरत एका पातळीच्या निम्म्याहून लहान झाला, की प्रत्येक मापन शून्य येते आणि स्वर एकदम नाहीसा होतो. त्याच्या जरा आधी तो चौकोनी, खडबडीत झालेला असतो. वाचकांना हे ओळखीचे वाटेल. मंद संकेत उमटतच नाही आणि जरा मोठा संकेत वेडावाकडा उमटतो, हीच तर १९३६ सालच्या फितीची व्यथा. काटा पुन्हा अडकला.

दुसरी टिचकी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वाजली, आणि ती चित्रांसाठी होती. अमेरिकेच्या एम.आय.टी. संस्थेत लॅरी रॉबर्ट्स हा तरुण विद्यार्थी दूरचित्रवाणीची चित्रे मोजक्या बिटांत बसवण्याचे काम करत होता. पातळ्या कमी केल्या की आकाशाच्या किंवा गालाच्या सौम्य छटांच्या जागी पट्टे दिसू लागत. रॉबर्ट्सने मापनाच्या आधीच संकेतात थोडी यादृच्छिक गडबड मिसळली. पट्टे गेले, चित्रावर बारीक रवाळपणा आला आणि छटा परत मिळाल्या. हे काम १९६२ साली प्रसिद्ध झाले. या मिसळलेल्या गडबडीला ‘डिदर’ म्हणतात. (हेच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक झाले.)

वर्गात हे दहा चिठ्ठ्यांवर दाखवता येते. चिठ्ठ्यांवर −०.४५, −०.३५, −०.२५ असे ०.१ च्या अंतराने +०.४५ पर्यंतचे आकडे लिहा. आता ३.३ ही लांबी फक्त पूर्ण आकड्यांत लिहायची आहे. नुसते पूर्णांकन केले तर दहाही वेळा ३ येईल, ०.३ कायमचे गेले. त्याऐवजी प्रत्येक वेळी एका चिठ्ठीवरचा आकडा मिळवा आणि मग पूर्णांकन करा. दहा चिठ्ठ्यांपैकी सात वेळा ३ येईल, तीन वेळा ४. सरासरी ३.३! गडबड मिसळली म्हणून हरवलेली माहिती परत आली. विद्यार्थ्यांना ३.७ आणि ३.१ घेऊन करू द्या. प्रत्येक उत्तर चुकीचे आणि सरासरी बरोबर, याचे त्यांना नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

आता फितीवरच्या कणांचे बहुमत आठवा. तिथेही प्रत्येक कणाचे उत्तर ढोबळ, बेरीज मात्र प्रमाणबद्ध. फरक एवढाच, की बायसची हालचाल नियमित आणि कानाच्या आवाक्याबाहेरची असते, डिदरची अनियमित आणि तत्त्वतः ऐकू येणारी. डिदरची किंमत म्हणून थोडी खरखर पदरी पडते. पण ती किती? १६ बिटांच्या ध्वनीत योग्य डिदर दिल्यावर सर्वांत मोठा स्वर आणि खरखर यांत सुमारे ९३ डेसिबेलचे अंतर राहते. साध्या कॅसेटमध्ये ते ५० ते ५५ डेसिबेल असे, चांगल्या स्टुडिओ फितीत ६० ते ७०. हिशेब बिटांत केला तर कॅसेट जेमतेम नऊ बिटांची होते आणि स्टुडिओची फीत अकराएक. कॅसेटप्रेमींना हे रुचणार नाही, पण आकडा तोच आहे.

ध्वनीच्या क्षेत्रात डिदरचे महत्त्व पुरते रुजायला वेळ लागला. जपानमध्ये १९६७ साली एन.एच.के.ने डिजिटल मुद्रणयंत्राचे प्रात्यक्षिक केले, १९७२ साली डेनॉनने १३ बिटांच्या यंत्रावर व्यावसायिक मुद्रणे सुरू केली आणि अमेरिकेत थॉमस स्टॉकहॅम यांनी १९७६ मध्ये आपले साउंडस्ट्रीम यंत्र ऑपेराच्या मुद्रणासाठी वापरले. स्टॉकहॅम हे फितीचेही जाणकार. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या फितीतली साडेअठरा मिनिटांची गाळलेली जागा तपासणाऱ्या १९७४ सालच्या तज्ज्ञमंडळात ते होते. कोऱ्या वाटणाऱ्या त्या फितीवर शीर्षाने ठेवलेल्या चुंबकीय खुणांवरून ती किमान पाच वेळा पुसली गेल्याचे या मंडळाने दाखवून दिले. पण डिदर किती आणि कोणत्या प्रकारचा द्यावा, म्हणजे पातळीपेक्षाही लहान स्वर विकृतीशिवाय जपता येईल, याचे ध्वनीसाठी सविस्तर विवेचन कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या व्हँडरकॉय आणि लिपशिट्झ यांनी केले ते १९८४ साली. तोवर सीडी दोन वर्षांची झाली होती. सुरुवातीच्या काही सीडी कानाला टोचत, ही तक्रार सर्वस्वी मनाचे खेळ नव्हती. गाळक ओबडधोबड होते, रूपांतर करणारी यंत्रे नवखी होती. जुन्या फितींवरून केलेल्या सीडींबाबत मात्र पातळ्यांना दोष देता येत नाही. त्या फितींची हिस्स् १६ बिटांच्या पातळीपेक्षा कितीतरी मोठी असल्यामुळे डिदरचे काम फीत स्वतःच करत होती.

मग फितीचा गोडवा खोटा का? नाही. तो खरा आहे, मोजता येतो, आणि फीतच तो निर्माण करते. आवाज वाढत गेला की उलटायला शिल्लक असलेले कण कमी होत जातात आणि लाटेचे शेंडे हळुवारपणे दबतात. तबल्याची थाप किंचित बोथट, किंचित भरदार होते. या दबण्यामुळे मूळ स्वरात त्याच्या तिप्पट वारंवारतेचा अंश मिसळतो. षड्जाची तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम. तानपुऱ्याच्या तारेतही तो असतोच. आपल्या कानाला ही भेसळ गैर न वाटता सुखद वाटली तर आश्चर्य कसले? त्यात भर म्हणजे खर्जाजवळच्या काही वारंवारता फितीवर थोड्या उचलल्या जातात आणि अतितार स्वरांची धार कमी होते. डिजिटल यंत्रात संकेत मर्यादेबाहेर गेला तर शेंडे सपाट कापले जातात आणि स्वराशी नाते नसलेल्या वारंवारताही उमटू शकतात. तिथे अपराध ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा असतो, पण शिव्या सीडीला बसतात.

ही विकृती की सौंदर्य, हे ज्याने त्याने ठरवावे. ती कोठून येते, हे मात्र तपासता येते. फितीवरून येणारा आवाज डिजिटल करा आणि दोन्ही आळीपाळीने, कोणते कोणते आहे हे न सांगता ऐकवा. डिजिटलमुळे गोडवा मरत असेल तर नकलेत तो मेलेला असायला हवा. याच धर्तीचा एक प्रयोग मेयर आणि मोरान यांनी २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या ध्वनीच्या वाटेत त्यांनी सीडीच्या दर्जाचे रूपांतर गुपचूप घातले. ५५४ चाचण्यांत श्रोत्यांनी २७६ वेळा बरोबर ओळखले, म्हणजे नाणेफेक. २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. प्रशिक्षित श्रोत्यांत जरा अधिक. तेव्हा फरक अगदी शून्य आहे असा हट्ट आम्ही धरणार नाही. पण कॅसेट आणि सीडी यांतला जो फरक कोणालाही पहिल्या मिनिटात कळतो, तो हा नव्हे. आज तर स्टुडिओंमध्ये डिजिटल मुद्रणावर फितीचा परिणाम देणारे संगणकी कार्यक्रम वापरले जातात. गोडवा आकड्यांत मावत नसता तर हे जमले नसते.

या वादाचा एक व्यावहारिक तोटा आम्हाला अधिक सतावतो. फीत हीच खरी, डिजिटल ही नुसती सावली, असे मानणारे संग्राहक आपल्या फिती डिजिटल करायला नाखूश असतात. आणि डिजिटल झाले की काम झाले, असे मानणारी कार्यालये मूळ फिती रद्दीत काढतात. दोन्ही गोष्टी घातक. फिती म्हाताऱ्या होत आहेत. १९७० च्या दशकातल्या अनेक फितींत कण धरून ठेवणारे पॉलियुरेथेन हवेतल्या बाष्पाने विघटित होऊन चिकट होते. अशी फीत वाजवायला घेतली की शीर्षाला चिकटून चिरकते आणि लेप सुटतो. ती सुमारे ५४ अंश सेल्सिअसला काही तास नियंत्रित भट्टीत ठेवली तर थोडे आठवडे वाजवण्याजोगी होते, तेवढ्यात नक्कल करून घ्यावी लागते. (घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये.) फितीइतकीच यंत्रेही दुर्मिळ झाली आहेत. चांगल्या शीर्षांचे सुटे भाग बनत नाहीत, ती दुरुस्त करणारे हात कमी झाले आहेत. हाच इशारा देण्यासाठी युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ साली एक खास मोहीम सुरू केली होती.

ज्या शाळांच्या कपाटात स्नेहसंमेलनाच्या, एखाद्या पाहुण्या वक्त्याच्या किंवा निवृत्त शिक्षकांच्या आवाजाच्या कॅसेट असतील त्यांनी एवढे करावे. कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन चकत्या मोडाव्यात, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळावी. शीर्ष स्वच्छ करावे. डिजिटल करताना ध्वनिसंग्रहालयांच्या शिफारशीप्रमाणे २४ बिट आणि शक्य असल्यास सेकंदाला ९६,००० मोजण्या घ्याव्यात, निदान ४८,०००. कॅसेटला एवढ्याची गरज नाही हे वरच्या हिशेबावरून दिसतेच, पण जागा स्वस्त आहे. आवाज ‘साफ’ करायचा मोह पहिल्या प्रतीवर आवरावा. हिस्स् तशीच राहू द्यावी. आणि मूळ कॅसेट टाकू नये.

न टाकण्याचे एक कारण वेबर यांच्या टिचकीतच आहे. स्टुडिओच्या फितींवर बायसचा अत्यंत क्षीण ठसा कधी कधी शिल्लक राहतो. मुद्रणाच्या वेळी बायसची वारंवारता स्थिर होती, वेग मात्र यंत्राच्या चाकांमुळे क्षणोक्षणी किंचित बदलत होता. म्हणून आज फीत वाजवताना त्या ठशाची वारंवारता जिथे हलते, तिथे तेव्हा यंत्र अडखळले होते. अमेरिकेतील प्लॅन्जंट प्रोसेसेस ही संस्था खास शीर्षांनी हा ठसा वाचते आणि त्याच्या आधारे संगणकावर स्वरांचा थरथराट दुरुस्त करते. कोणी ऐकावा म्हणून जो प्रवाह फितीवर कधी सोडलाच नव्हता, तो असा अर्ध्या शतकानंतर वाचला जातो. नकलेत तो उतरवायचा तर मोजण्याचा वेग सीडीच्या कितीतरी पट लागतो.